साल... पण कॅलेंडरमधलं नव्हे!

गॅदरिंगच्या हॉबी प्रदर्शनात लेडीज हॉस्टेलच्या टेबलावर एक तपकिरी घुबड बसलं होतं, आठवतंय का? ते चॉकलेटचं नव्हतं, मातीचं नव्हतं आणि थर्माकोल रंगवून केलेलंही नव्हतं. (पहिले दोन अंदाज निदान वीस-वीस जणांनी केले. तिसरा एका सरांनी केला. नाव सांगत नाही, टर्मवर्कचे मार्क अजून यायचेत!) ते घुबड झाडाच्या सालीचं होतं. लाकडाचं नाही, सालीचं. जी आपण ढलप्या म्हणून फेकून देतो किंवा बंबात घालतो, तीच ही साल.

दोन दिवस तेच तेच उत्तर देऊन माझा घसा बसला, तेव्हाच संपादक मंडळाने 'आता लिहूनच टाक' असा हुकूम काढला होता. मी टाळत होते, कारण माझं मराठी कॉन्व्हेंटचं. आठवीपर्यंत मला 'साल' म्हणजे केळ्याची साल आणि 'कुठल्या सालचा जन्म?' एवढंच ठाऊक होतं. झाडाला असते तीही सालच, हे मी चक्क डिक्शनरीत पाहिलं. पण मग एक गोष्ट घडली आणि लिहिणं भागच पडलं.

प्रदर्शन संपून आठवडा होतो न होतो तोच मेसच्या मागच्या बुचाच्या झाडाची वीतभर रुंद आणि हातभर लांब साल कोणीतरी कटरने सोलून काढली. कोणी ते शोधायला सीआयडी लागली नाही, कारण ती मुलगी स्वतःच तो तुकडा घेऊन माझ्या रूमवर आली. म्हणाली, "अगं, मला पण तुझ्यासारखं घुबड करायचंय. पण ही साल आतून ओली आणि चिकट का आहे? वाळवायची कशी?"

प्रश्न अगदी निरागस होता. मी तिच्यावर चिडले नाही, कारण वर्षभरापूर्वी मलाही हे कोणी सांगितलेलं नव्हतं. हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर.

तर, साल ही एक वस्तू नाहीच, दोन आहेत. बाहेरची मेलेली आणि आतली जिवंत. आपल्या नखासारखं समजा. नखाचं टोक कापलं तर काही कळतसुद्धा नाही, पण त्याच्याखाली जरा जरी कात्री लागली तर डोळ्यांत पाणी येतं. झाडाचंही तसंच. मुळांनी ओढलेलं पाणी वर चढतं ते लाकडातून. पण पानांनी तयार केलेली साखर खाली मुळांपर्यंत येते ती सालीच्या आतल्या थरातून. त्या थराला फ्लोएम म्हणतात (बारावीला पाठ केलं होतं, आठवा). त्याच्या आणि लाकडाच्या मधे कॅम्बियम नावाचा अगदी पातळ पडदा असतो, जिथे नवीन पेशी तयार होतात. झाड जाड होतं ते तिथून. म्हणजे हाताएवढ्या जाड सालीच्या आणि दोन मिठ्यांत न मावणाऱ्या लाकडाच्या मधे झाडाचा वाढता जीव हा एवढासाच! तो ओला आणि चिकट लागतो. आमच्या मैत्रिणीच्या हाताला लागला होता तो हाच.

बाहेरची साल मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे कॉर्क तयार करणारा एक थर असतो. त्याच्या पेशी मेणासारख्या सुबेरिन नावाच्या पदार्थाने स्वतःच्या भिंती लिंपून घेतात आणि मरून जातात. आत उरते ती हवा. खोड फुगत जातं तशी ही मेलेली साल ताणली जाते, तडकते, आणि आतल्या बाजूला कॉर्कचा नवीन थर तयार होतो. त्याच्या बाहेर जे काही राहिलं त्याचा अन्नपाण्याशी संबंध संपला. असे वर्षानुवर्षं थरावर थर. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये मायक्रोस्कोपखाली कॉर्कचा काप धरला आणि त्यातल्या खोल्यांना 'सेल' हे नाव दिलं, ती हीच मेलेली साल. आणि हूक म्हणजे तोच, स्प्रिंगवाला! मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

कोरायची असते ती फक्त ही बाहेरची. आतली जिवंत साल एका बाजूने थोडी गेली तर झाड सहन करतं. पण खोडाभोवती पूर्ण वळसा घालून ती काढली, तर मुळांना वरून अन्न मिळणं बंद होतं. झाड काही काळ हिरवं दिसत राहतं, मुळं साठवलेल्यावर जगतात, आणि मग सगळंच संपतं. करवत न लावता झाड मारायची ही जुनी युक्ती आहे. जिवंत झाडाची साल काढूनही झाड टिकतं असं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पोर्तुगालमधला कॉर्क ओक. बाटल्यांची बुचं त्याचीच. पण तिथेसुद्धा झाड सुमारे २५ वर्षांचं झाल्याशिवाय हात लावत नाहीत, नंतर दर ९ वर्षांनी एकदाच साल काढतात, आणि ते काम आतल्या थराला धक्का न लावता कुऱ्हाड चालवणारे शिकलेले लोक करतात. स्टेशनरीच्या दुकानातल्या दहा रुपयांच्या कटरचं ते काम नव्हे.

आता माझ्या घुबडाची साल कुठून आली ते सांगते. सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर आम्ही सहा जणी उत्तराखंडात गेलो होतो. काठगोदामला रेल्वेतून उतरलो आणि जीपने अल्मोड्याकडे निघालो. थोडं वर चढल्यावर दोन्ही बाजूंना सरळसोट उंच झाडं सुरू झाली. ड्रायव्हर म्हणाला, "दीदी, ये सब चीड़ है." मला वाटलं याला कसली एवढी चीड आलीय! चीड म्हणजे तिकडचा पाइन. पानं सुयांसारखी, एका झुबक्यात तीन-तीन. त्या वाळून खाली पडतात, त्यांना तिकडे पिरूल म्हणतात. झाडाला खाच पाडून जो चीक गोळा करतात तो लीसा. लीशापासून टर्पेंटाइन आणि राळ तयार होते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, तुमच्या लॅबमध्ये सोल्डरिंग करताना धुराचा जो वास येतो ना, तो अशाच पाइनच्या राळेचा!

पण माझं लक्ष गेलं ते खोडाकडे. बुंध्याजवळ साल इतकी जाड आणि तडकलेली, की मे महिन्यातल्या मराठवाड्यातल्या शेताचा फोटो खोडाला गुंडाळलाय असं वाटावं. आणि बऱ्याच झाडांची साल खालून काळीठिक्कर. जळलेली. वर झाड मात्र हिरवंगार!

चीड आणि आग यांचं जुनं नातं आहे. वाळलेलं पिरूल म्हणजे नुसतं रॉकेल. उन्हाळ्यात ते पेटतं आणि आग जमिनीलगत पसरत जाते. २०२४ च्या एप्रिलमध्ये नैनीताल भागात जंगलं इतकी पेटली होती की एअर फोर्सच्या हेलिकॉप्टरनी भीमतालच्या तळ्यातून पाणी उचलून आगीवर ओतलं. अशा वेळी आतल्या त्या पातळ जिवंत पडद्याला वाचवते ती ही मेलेली साल. कॅम्बियम साधारण ६० अंश सेल्सियसला मरतं. साल म्हणजे हवा भरलेल्या लाखो डब्या, त्यामुळे उष्णता आत जायला वेळ लागतो. आणि किती वेळ? माझी रूममेट मेकॅनिकलची आहे. तिने हीट ट्रान्सफरचं पुस्तक न उघडता सांगितलं की हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे साल दुप्पट जाड असेल तर चौपट वेळ, तिप्पट जाड असेल तर नऊपट. पिरूलची आग एका जागी फार काळ थांबत नाही, पुढे सरकते. तेवढी मिनिटं निभावली की झाड वाचलं. कोवळ्या, पातळ सालीच्या रोपांना ही सोय नाही.

आम्ही उतरलो होतो ते अल्मोड्याजवळचं एक घरगुती होमस्टे होतं. तिथल्या आजींना सगळे 'आमा' म्हणत. त्यांच्या अंगणात पाणी तापवायच्या चुलीशेजारी चिडाच्या सालीचा ढीग होता. तोडलेल्या ओंडक्यांवरून आणि म्हाताऱ्या झाडांखालून गोळा केलेला. आमांनी त्याला 'बगेट' असा शब्द वापरला. पाऊस पडत होता, लाइट गेलेली, मोबाइलला रेंज नाही. मी सफरचंद कापायच्या चाकूने एका बगेटचा कोपरा सहज तासला आणि थक्क झाले. बाहेरून राखाडी, खडबडीत, कुरूप. आत विटेसारखा लालसर तपकिरी रंग, आणि त्यात केसाएवढ्या फिक्या रेषा! चाकू लोण्यात चालावा तसा चालत होता. निघताना आमांना विचारून सात-आठ तुकडे सॅकमध्ये भरले. त्या हसल्या. महाराष्ट्रातून इतक्या लांब येऊन मुली सरपण घेऊन चालल्यात!

इथे एक कायद्याची गोष्ट सांगून टाकते. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य असेल तर तिथून पडलेली सालसुद्धा उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही. बाकीच्या सरकारी जंगलातही वनखात्याला विचारल्याशिवाय काही आणायचं नसतं. कोणाच्या घरचं सरपण, लाकडाची वखार, सॉ मिल ही आपली ठिकाणं. तिथे साल फुकट मिळते आणि वर लोक 'घेऊन जा बाई' म्हणतात.

घरी आल्यावर वाचलं, तर या बगेटपासून कलाकृती करणारा माणूस आम्ही उतरलो त्या काठगोदामच्या शेजारीच, हल्द्वानीला राहतो. जीवन जोशी त्यांचं नाव. लहानपणी पोलिओने त्यांच्या पायांतली ताकद गेली, पण चिडाच्या वाळून पडलेल्या सालीतून ते पहाडातली लोकवाद्यं आणि इतर वस्तू कोरतात. २५ मे २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्यांच्या बगेट कलेचा उल्लेख केला होता. आम्ही त्या गावाच्या इतक्या जवळून गेलो आणि आम्हाला पत्ताही नाही! पुन्हा गेले तर पहिली तिथे जाणार.

जगात इतरत्रही हा छंद आहेच. कॅनडात आणि अमेरिकेच्या वायव्य भागात कॉटनवूड नावाच्या पॉपलर झाडाची साल कोरतात. जुन्या झाडांवर ती पाच-सहा इंचांपर्यंत जाड होते. त्यात दाढीवाले म्हातारे आणि वाकड्या छपरांची परीकथेतली घरं काढायची फॅशन आहे. मला ते म्हातारे सगळे एकाच आजोबांचे भाऊ वाटतात, पण घरं सुंदर असतात. फिनलंड-स्वीडनमध्ये लहान मुलं पाइनच्या सालीच्या होड्या कोरून ओढ्यात सोडतात. साल पाण्यावर तरंगते, म्हणून. (हॉस्टेलच्या बादलीत खात्री करून घेतली आहे.) आणि नायजेरियात तर १९३० च्या दशकात जस्टस अकेरेडोलू नावाच्या कलाकाराने सावरीच्या जातीतल्या झाडांच्या काट्यांतून बोटभर उंचीची माणसं कोरायला सुरुवात केली. ते काटे म्हणजे सालीचीच वाढ. आपल्याकडच्या काटेसावरीला असतात तसे. हे मी बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यात काय! आम्ही शाळेत असताना सावरीच्या काट्यावर नावाचं अक्षर उलटं कोरून शिक्के करायचो." वीस वर्षांत हे त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं!

बरं, आता प्रत्यक्ष काम.

तुकडा निवडताना आधी नखाने टोचून बघायचं. भुगा पडला तर तो तुकडा चुलीचा. दोन्ही हातांनी हलकेच वाकवून बघायचा. थर सुटत असतील तर तोही चुलीचा. मग कडक उन्हात चार-सहा दिवस, आणि नंतर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर. पिशवीत तळाला पीठ जमलं तर आत पाहुणे आहेत असं समजायचं आणि तो तुकडा रूममध्ये अजिबात आणायचा नाही. कपाटं, खुर्च्या सगळी लाकडी आहेत आपली.

हत्यारं फार लागत नाहीत. ड्रॉइंगच्या मुलांना लागणारा लिनोकटचा सेट कुठल्याही मोठ्या स्टेशनरीत मिळतो. त्यात एक गोल पटाशी आणि एक व्ही आकाराची असते, त्या दोन्ही उपयोगी. शिवाय एक चांगला, घट्ट मुठीचा, न दुमडणारा छोटा चाकू. पेपर कटर नको, त्याचं पातं लचकतं आणि तुटून उडतं. साल मऊ असली तरी तिच्या फटींत वर्षानुवर्षांची धूळ-वाळू बसलेली असते, त्यामुळे पात्याची धार लवकर जाते. आधी जुन्या टूथब्रशने फटी साफ करायच्या आणि दर अर्ध्या तासाने पातं जुन्या चामडी पट्ट्यावर घासायचं. बोथट चाकू साल कापत नाही, चिरडतो. आणि जोर लावावा लागतो म्हणून हातही कापतो. डाव्या अंगठ्याला चिकटपट्टीचे चार-पाच वेढे आणि तोंडाला मास्क. तो लाल भुगा नाकात गेला की दिवसभर शिंका.

चाकूबद्दल सांगायचं तर हॉस्टेलच्या नियमात तो बसत नाही, हे उघड आहे. मी रेक्टर मॅडमना सरळ विचारलं. त्यांनी तोडगा काढला: चाकू ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहील, रविवारी सकाळी सही करून न्यायचा आणि संध्याकाळच्या हजेरीआधी परत द्यायचा. त्यामुळे माझं घुबड अकरा रविवारांचं आहे. रोज मिळाला असता तर कदाचित आठवड्यात उरकलं असतं, आणि इतकं बरं झालंही नसतं.

आता खरी गंमत. लाकडाला धागे असतात. एका दिशेने गुळगुळीत कापलं जातं, उलट्या दिशेने फाटतं. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये रंधा उलटा मारून सगळ्यांनी हे अनुभवलंय. सालीत असे लांब धागे जवळजवळ नाहीतच, म्हणून चाकू कुठल्याही दिशेने चालतो. पण सालीला थर आहेत. प्लायवूडसारखे, पण बिनभरवशाच्या फेव्हिकॉलने चिकटवलेले. थर दाबले तर भक्कम, उचकटले तर सुटले. म्हणून एखादा बारीक भाग, म्हणजे कान, चोच, शेपटी, थरांतून उभा बाहेर काढला की टिचकीसरशी उडतो. तोच भाग थरांच्या सपाटीतच ठेवला तर टिकतो. डिझाइन आधी कागदावर नाही, तुकड्याच्या कापलेल्या कडेकडे बघून ठरवायचं. थर कसे जातात ते तिथे दिसतं. घुबडाचे कान मी म्हणूनच अंगाला चिकटलेले ठेवले. नाजूक कडांवर फेव्हिक्विकचे दोन-तीन थेंब जिरवले की त्या घट्ट होतात.

आणि या थरांमुळेच ते होतं, ज्यासाठी मी हा सगळा उद्योग करते. सर्व्हेइंगमध्ये आपण काँटूर काढतो, म्हणजे समान उंचीच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषा. आता समजा, सपाट थरांचा एक ठोकळा आहे, दोन थरांच्या मधे एकेक फिकी रेषा, आणि तो तुम्ही गोलाकार टेकडीसारखा कोरला. प्रत्येक थर जिथे उघडा पडतो तिथे त्याची रेषा दिसते. वरून पाहिलं तर एकात एक वलयं! उतार जिथे तीव्र, तिथे रेषा दाट. उतार जिथे हलका, तिथे विरळ. शीटवर थिओरीने शिकलेलं सगळं इथे आपोआप उमटतं, रबर आणि फ्रेंच कर्व्ह न वापरता. फरक एवढाच की सालीचे थर अगदी समांतर नसतात. शिंपल्यांसारखे एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे रेषा मधेच एकमेकींना मिळतात, एखादी अचानक संपते. जर्नलमध्ये आपले काँटूर असे मिळाले तर मॅडम लाल पेनने गोल करतात आणि विचारतात, "इथे व्हर्टिकल क्लिफ आहे का?" सालीला कोणी विचारत नाही.

घुबडच का, असं प्रदर्शनात बऱ्याच जणांनी विचारलं. उत्तर हेच. घुबडाचं पोट म्हणजे टेकडी, आणि डोळे म्हणजे दोन खड्डे. थरांमध्ये गोल वाटी कोरली की तिच्यात आपोआप वर्तुळात वर्तुळ अशी वलयं येतात. डोळे मी काढलेच नाहीत. फक्त दोन वाट्या कोरल्या आणि ते बघायला लागले! पहिला डोळा उघडला तो सहावा रविवार होता, दुपारी तीन वाजता, बाल्कनीत वर्तमानपत्रावर भुग्याचा ढीग. मी एकटीच ओरडले. शेजारच्या रूममधल्या पोरी झुरळ निघालं समजून धावत आल्या.

नकाशावर टेकडी आणि खड्डा दोन्हींची वलयं सारखीच दिसतात, आकडे वाचल्याशिवाय कळत नाही. सेकंड इयरच्या एका ज्युनिअरला हे काही केल्या पटत नव्हतं. तिला डोळे मिटून घुबडावरून बोट फिरवायला सांगितलं, पोट आणि डोळा. मग डोळे उघडून वरून बघायला सांगितलं. "अय्या, सेम दिसतंय!" झालं. आमच्या डिपार्टमेंटच्या एका सरांनी ते घुबड लेक्चरला मागून नेलं आणि तीन दिवसांनी परत केलं. परत देताना काहीच बोलले नाहीत, फक्त विचारलं, "दुसरं करणार आहेस का?" एवढी शाबासकी मला कुठल्याच व्हायवात मिळालेली नाही.

कोरून झालं की काचपेपर. आधी १२०, मग २२० नंबरचा, हलक्या हाताने. फार घासलं तर रेषा धुरकट होतात. मग फिनिश. बिनरंगाचं बूट पॉलिश मऊ कपड्याने लावून ब्रशने चमकवणं सगळ्यात सोपं. जवसाच्या तेलाने रंग जास्त खुलतो. पण एक इशारा: तेलाचा बोळा चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेऊन तापतं, आणि चुरगळलेल्या कपड्यात ती उष्णता कोंडून तो आपोआप पेटू शकतो. केमिकलवाल्यांना विचारा. बोळा दोरीवर पसरून वाळवायचा, मगच फेकायचा.

आईने अर्थातच विचारलं, "याचा प्लेसमेंटला काही उपयोग?" नाही गं आई. बायोडेटाच्या 'हॉबीज'मध्ये सगळे 'रीडिंग, म्युझिक' लिहितात, तिथे मी 'बार्क कार्व्हिंग' लिहिलं तर इंटरव्ह्यू घेणारा दोन मिनिटं त्यावर बोलेल, एवढाच. पण दिवसभर स्क्रीनवर ऑटोकॅडमध्ये रेषा काढायच्या आणि अन्डू करायच्या, यानंतर एक असं काम, ज्यात कापलेला तुकडा परत येत नाही... मला त्याची गरज वाटते. प्रत्येकाला वाटेलच असं नाही.

राहिली बुचाच्या झाडाची गोष्ट. मी आणि ती मैत्रीण दोघी माळीकाकांकडे गेलो. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी खोडाभोवती फिरून पाहिलं, जखम एकाच बाजूला आहे हे बघितलं आणि म्हणाले, "वाचंल. पण आता हात लावू नका कुनी." आमच्या मेकॅनिकलच्या रूममेटने जखमेवर ऑइल पेंट मारायचा प्रस्ताव मांडला होता, तो फेटाळला गेला. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. कडांनी नवीन साल हळूहळू आत सरकते आणि जखमेला झाकून टाकते. आतलं उघडं पडलेलं लाकूड तसंच राहतं, कायमचं. रंगाने फायदा काही नाही, उलट ओल आत कोंडते. हातभर जखम झाकली जायला किती वर्षं लागतील ते झाडाच्या तब्येतीवर. आम्ही पासआउट होऊन जाऊ, तेव्हाही ती दिसत असेल. मेसच्या रांगेत उभं राहिलं की बरोबर समोर येते. बघा एकदा.

काका पुढे म्हणाले, "ताई, साल पायजे हुती तर मागायची की माझ्याकडं. वाऱ्यानं किती फांद्या पडत्यात बुचाच्या." खरंच आहे. बुचाचं लाकूड ठिसूळ, जरा वादळ झालं की फांद्या मोडतात. आणि साल तर कॉर्कसारखी आहे म्हणूनच त्याचं नाव बूच. इंग्रजीतही त्याला इंडियन कॉर्क ट्री म्हणतात. आपण त्याच्या पांढऱ्या फुलांचे देठ चोखत त्याखालून जातो आणि नावाचा विचार करत नाही.

परवाच्या वळवाच्या पावसात एक मांडीएवढी फांदी खाली आली. काकांनी ती पंपहाउसच्या पत्र्यावर वाळत टाकली आणि दहा दिवसांनी मला हाक मारली. साल फिकी, पिवळसर, हलकी आणि चिडापेक्षा बरीच पातळ. थरांच्या रेषा ठळक नाहीत, त्यामुळे काँटूर उमटणार नाहीत. चाकूखाली ती रबरासारखी किंचित दबते, त्यामुळे पातं अगदी नवीन लागेल. मोठी आकृती निघणार नाही, पण कानातले, किचेन, फ्रेमवर लावायची पानं एवढं निघू शकेल. अर्धी साल मी ठेवली, अर्धी तिने नेली. ती मासा करतेय म्हणे. रविवारी चाकू आधी तिला मिळेल, तिची सही रजिस्टरमध्ये माझ्या वर आहे.